मार लागला तरी चोळायचं नाही

कोबर्न रन, पेनसिल्व्हेनिया
रविवार, ता. ७ जून १९५३

चि. इमिल यास अनेक आशीर्वाद.

तुझं मागच्या आठवड्याचं पत्र पोचलं. आईला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिनं ते स्वतःच हातात घेतलं आणि अक्षरांवरून बोट फिरवत बसली. इंग्रजी तिला वाचता येत नाही हे तिलाही ठाऊक आहे, पण कागद तर त्याच्या हातचा आहे ना, म्हणाली. चर्चमधल्या बायकांना ती तुझी बेसबॉलची सरासरी सांगते. हजारात तीनशे एकवीस म्हणजे किती चांगलं हे तिला कळत नाही, म्हणून आवाज चढवून सांगते.

शाळा शुक्रवारी सुटली. लॅटिनच्या वर्गात सात जण नापास होत होते. मी पेपर पुन्हा तपासले, तेव्हा पाच झाले. मग दिवसभर मला वाटत राहिलं, की त्या दोघांवर मी उपकार केला की उरलेल्या पाचांवर अन्याय. तू इथं असतास तर म्हणाला असतास, की ताई चेंडूलासुद्धा विचारील, बाबा रे, तू आत पडलास की बाहेर, आणि त्याचं उत्तर वहीत लिहून ठेवील.

आता मुद्द्याचं. तुझ्या हॅलिडेचं वर्तमानपत्र मला टपालानं येतं हे तू विसरतोस. दोन तारखेच्या सामन्याखाली बारीक अक्षरात छापलंय, की तिसऱ्या डावात ग्रेगुशला पिचरचा चेंडू लागला. कुठं लागला ते छापलेलं नाही. तुझ्या पत्रात एक तारखेचा पाऊस आहे, तीन तारखेचा बसप्रवास आहे, तुझ्या घरमालकीणबाईंचे उकडलेले बटाटे आहेत, आणि दोन तारीखच नाही. बावीस वर्षं मी मुलांच्या वह्या तपासते आहे. लिहिलेल्या ओळीच्या आधी मला गाळलेली ओळ दिसते. खांद्याला लागला असेल तर खांद्याला असं लिही, म्हणजे मी गप्प बसेन.

आईचे आशीर्वाद. लोभ आहेच; तो शेकडो मैलांवरून निभावायचा म्हणून प्रश्न जास्त विचारते, एवढं समजून घे.

तुझी ताई,
वेरोना


हॅलिडे, इलिनॉय
शुक्रवार, ता. १२ जून १९५३

ती. ताईस सा. न. वि. वि.

पहिला कागद आईला वाचून दाखव. दुसरा खिशात घाल.

आई, मी मजेत आहे. आमच्या घरमालकीणबाई, मिसेस ओडेगार्ड, कोबी नुसता पाण्यात उकडतात आणि वर विचारतात, आवडला ना? तुझ्या कोबीच्या गुंडाळ्या मी त्यांना शब्दांत समजावून सांगायला गेलो, तर त्यांना वाटलं मी तक्रार करतोय. तू पाठवलेला अक्रोडाचा रोल माझ्या खोलीतल्या ड्वेन टॅकेटनं एका बैठकीत संपवला. हा आमचा कॅचर, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, केंटकीचा. हात चाटत मला म्हणाला, तुझ्या आईला पुन्हा लग्न करायचं असेल तर माझं नाव सुचव. मी म्हटलं, तुझे पाय बघून नाही म्हणेल. चर्चमध्ये माझ्यासाठी मेणबत्ती लावतेस ती लावत राहा.

ताई, आता तुझा कागद.

डोक्याला लागला. डाव्या कानाच्या वर, दोन बोटांवर. दाणकन असा काही आवाज आला नाही. आतल्या खोलीचं दार कुणीतरी लोटून घेतल्यासारखा आला. मी पडलो. मग उठलो आणि चेंडू लागलेल्याला मिळतो त्या पहिल्या बेसवर पळत गेलो. चोळलं नाही. आमच्यातला हा नियम तुला ठाऊक आहे, मार लागला तरी चोळायचं नाही. चोळलं की पिचरला कळतं कुठं दुखलं, मग पुढच्या खेपेला तो तिथंच टाकतो. सगळ्यात खालच्या, ड वर्गाच्या लीगमध्ये होतो तेव्हा एकदा बरगडीला हात लावला होता. आमच्याच बाकावरच्यांनी सूर धरून अंगाई म्हटली, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी. त्यानंतर सात वर्षांत हात लावलेला नाही. त्या दिवशीही बेसवर उभा राहून दोन्ही तळवे मांड्यांवर दाबून धरले होते.

मॅनेजर पिनेल आला, बोटं समोर धरून किती म्हणून विचारलं. टॅकेट त्याच्या पाठीमागे उभा राहून मला तेवढीच बोटं दाखवत होता. पिनेलची सहा दिसत होती, टॅकेटचीही सहा. मी निम्मी केली आणि तीन म्हणालो. बरोबर आलं. हसू नकोस. किंवा हसच.

तेव्हापासून सकाळी डोकं जड असतं. चेंडू दोन येतात, एकावर एक. वरचा खोटा असतो. मी खालच्याला मारतो आणि तो लागतो. सरासरी उलट वाढलीय. म्हणून कुणाला काही सांगायचं कारण नाही.

खरं कारण वेगळं आहे. टेनेसीतला संघ, आमच्याहून दोन पायऱ्या वरचा, त्यांचा माणूस दोनदा येऊन गेला. माझं नाव लिहून घेतलंय. त्याच्या वहीत मी सव्वीस वर्षांचा आहे. युद्धावरून आल्यावर मी वय तीन वर्षांनी कमी सांगितलं, तेव्हा तू आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हतीस, पण कुणापाशी बोललीही नव्हतीस. सव्विसाव्या वर्षी माणसाला वर बोलावतात. एकोणतिसाव्या वर्षी त्याला कुठली नोकरी बघतोस म्हणून विचारतात. ह्या ऑगस्टात वर गेलो नाही तर बाबा राबले ती कोळशाची खाण आहेच. बाबांचा खोकला मी खोलीच्या भिंतीपलीकडून अकरा वर्षं ऐकलाय. त्यापेक्षा चेंडू बरा.

कुणाला कळू देऊ नकोस. तुझा शब्द मला पोचला असं मी धरून चालतो.

आहे तसाच लोभ ठेव, वाढवलास तर प्रश्न वाढतील.

तुझा,
इमिल


कोबर्न रन
बुधवार, ता. १७ जून १९५३

चि. इमिल यास अनेक आशीर्वाद.

पहिला कागद आईला वाचून दाखवला. ती हसली, टॅकेटला पुढच्या वेळी दोन रोल पाठवते म्हणाली. दुसरा कागद खिशात आहे. स्वयंपाक करताना तो ॲप्रनच्या खिशात असतो आणि मला सारखं वाटतं की आईला त्याची कुरकुर ऐकू येतेय.

मी डॉक्टर कासार्डांकडे गेले होते. तुझं नाव घेतलं नाही. माझ्या एका विद्यार्थ्याला जिन्यावरून पडून मार लागला आणि दोन दोन दिसतं, असं सांगितलं. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा एक विद्यार्थी मी जन्माला घातला आणि पहिल्याच दिवशी त्याला जिन्यावरून ढकललं. डॉक्टर म्हणाले, त्याला शिडीवरसुद्धा चढू देऊ नका. पहिला मार माणूस सोसतो. आतली सूज उतरण्याआधी त्याच जागी दुसरा बसला, तर बसल्या जागी जातो. मी विचारलं, किती दिवस जपायचं? ते म्हणाले, दिवस काय विचारता, बाई, महिने विचारा. नंतर चष्मा पुसत त्यांनी मला विचारलं, इमिल कसा आहे?

तू आठवड्यातून सहा दिवस खेळतोस. दर दिवशी चार वेळा तिथं उभा राहतोस. दर वेळी चार-पाच चेंडू. हा हिशेब मी का मांडला कोण जाणे, पण मांडला, आणि आता तो माझ्या डोक्यातून जात नाही. भांडी घासताना मी चेंडू मोजत असते.

मी तुला फसवणार नाही. म्हणून आधीच सांगते. एक जुलैपर्यंत डोळ्यांच्या खऱ्या डॉक्टरकडे जा आणि त्यानं काय सांगितलं ते मला लिही. नाही गेलास तर मी पिनेलना पत्र लिहीन. हे धमकी म्हणून लिहीत नाही. लिहून वाचलं तेव्हा धमकीच वाटली, तरी तशीच ठेवते, कारण दुसऱ्या शब्दांत लिहिली तर ती खोटी होईल.

ही भीती तुझ्यासाठी आहे की माझ्यासाठी, असं मी वहीत स्वतःला विचारलं. तू पाच वर्षांचा असताना आई आजारी पडली, तेव्हापासून तू माझ्या हाताखाली वाढलास. तू गेलास तर मी कुणाची ताई? उत्तर अर्धं अर्धं निघालं. अर्धी भीतीसुद्धा पुरेशी आहे.

रागावलास तरी लिहीत जा. रागाचं पत्रही मी जपून ठेवते.

तुझी ताई,
वेरोना


हॅलिडे
बुधवार, ता. २४ जून १९५३

ती. ताईस सा. न. वि. वि.

ह्या वेळी कागद एकच आहे, कारण सांगायला काही नाही. डॉक्टरकडे गेलो. त्यानं ठीक आहे म्हटलं. आता चेंडू एकच दिसतो. झालं समाधान?

पिनेलला पत्र लिहायचं असेल तर लिही. बरोबर दुधाची बाटली नि लंगोटही पाठव. टॅकेटला मी तुझी मुदत वाचून दाखवली, तर तो म्हणाला, तुझी बहीण पंच असती तर सगळी लीग सरळ झाली असती. हे त्यानं कौतुकानं म्हटलं. मी नाही म्हणत.

तुला वाटतं मी मरायला निघालोय. मला एवढंच वाटतं की मी एका गोष्टीत चांगला आहे. तू लॅटिनमध्ये चांगली आहेस, तुला त्याची पदवी मिळाली, ती भिंतीवर लावलीय. माझी पदवी टेनेसीत आहे. तीही कागदावरच मिळते, पण तो कागद आणायला चेंडूसमोर उभं राहावं लागतं. तू लिहिलंस तर तुझा भाऊ आहे हे मी विसरेन. हीसुद्धा धमकीच आहे. दुसऱ्या शब्दांत लिहिली तर खोटी होईल.

आईस शि. सा. न. बाकी लोभाचं तुझं तू बघ.

इमिल


कोबर्न रन
शुक्रवार, ता. ३ जुलै १९५३

श्री. रॉस्को पिनेल यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नसताना लिहिते, क्षमा असावी. आपल्या संघातल्या इमिल ग्रेगुशची मी थोरली बहीण. हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. हे चौथं.

दोन जूनला त्याच्या डोक्याला चेंडू लागला, हे आपण पाहिलंतच. त्यानंतर त्याला दोन दोन दिसत होतं. आपण बोटं दाखवलीत, तेव्हाही त्याला दिसत नव्हती, त्यानं अंदाजानं सांगितलं. आता एकच दिसतं असं तो लिहितो, आणि डॉक्टरनं तपासलं असंही लिहितो. पण डॉक्टरचं नाव लिहीत नाही, तो काय म्हणाला तेही नाही. माझा भाऊ डॉक्टरांच्या नकला फार छान करतो. ज्या डॉक्टरकडे तो खरंच गेला, त्याची नक्कल पत्रात आली असती.

त्याला मी मुदत दिली होती, तेव्हा मी लपून काही करत नाही, असं स्वतःला सांगते. तो दुखावेल हे मला माहीत आहे. तरी माझी विनंती आहे, की त्याला बसवावं. तो घाबरट असता तर मी लिहिलं नसतं, त्यानंच स्वतःला जपलं असतं. तो एकोणतीस वर्षांचा धडधाकट पुरुष आहे, अजून काहीही शिकू शकेल. आमच्या शाळेत खेळाच्या मास्तरांची जागा येत्या वर्षी रिकामी होते आहे. त्याच्यापुढे चाळीस-पन्नास वर्षं आहेत, आणि तो ती एका ऑगस्टवर लावून बसला आहे.

माझं काही चुकत असेल तर स्पष्ट लिहावं. आपल्याला त्रास दिला, तो एका बहिणीचा म्हणून पोटात घालावा.

आपली नम्र,
वेरोना ग्रेगुश


हॅलिडे
शुक्रवार, ता. १० जुलै १९५३

श्रीमती ग्रेगुश यांस स. न. वि. वि.

बाई, मी आठवीत शाळा सोडली. आपल्यासारखं लिहिता येणार नाही, मुद्द्याचं लिहितो.

आपलं पत्र सोमवारी आलं. तीनदा वाचलं. दोन वेळा डोक्याचं वाचलं. तिसऱ्या वेळी एकोणतीस हा शब्द दिसला. माझ्याकडच्या कागदावर तो सव्वीसचा आहे. हे आपल्या हातून अनवधानानं लिहिलं गेलं, हे मला कळतं.

डोक्याचं मला ठाऊक होतं. मी वीस वर्षं कॅचर होतो, फलंदाजाच्या इतकं जवळ दुसरं कुणी बसत नाही. आपला भाऊ जूनच्या अखेरीपासून सगळी मान वळवून पिचरकडे बघतो, कोंबडी बघते तशी, एका डोळ्यानं. पिचरच्या बाजूचा त्याचा डावा डोळा. मला वाटतं तो गेला आहे. मी विचारलं, तर म्हणाला, ही माझी नवीन ढब आहे, मॅनेजर. मी त्याला क्लबच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यानं अर्धं मिनिट दिवा मारला आणि सही केली. तीनशे चौतीस सरासरीच्या माणसाला कुठल्या तोंडानं बसवायचं? मी नाही बसवला. रोज खेळवला, आणि त्याच्या प्रत्येक चेंडूला बाकाची कड धरून बसलो. ह्याचा मला अभिमान नाही.

मंगळवारी टेनेसीहून त्याला मागणी आली. तिथले पिचर इथल्यापेक्षा खूप जोरात टाकतात. मी डोक्याचं कारण कळवलं असतं तर त्यानं नाकारलं असतं, आणि डॉक्टरची सही त्याच्या बाजूला होती. वय त्याला नाकारता येत नाही. मी क्लबला आणि टेनेसीला वय कळवलं. काल क्लबनं त्याला मोकळं केलं, म्हणजे काढून टाकलं.

कुणी सांगितलं म्हणून त्यानं विचारलं. क्लबला कळलं, एवढंच मी म्हणालो. पण आपला लिफाफा माझ्या टेबलावर पडला होता. त्यानं अक्षर बघितलं. लिफाफा तिरका होता, तो सरळ करून ठेवला आणि गेला. खोलीतलं सामान घेऊन कुठं गेला ते टॅकेटलाही माहीत नाही.

आपण चुकलात असं मला वाटत नाही. पण घरी तो आलेला नसेल तर ते माझ्या नावावर टाका, आपल्या नाही.

आपला,
रॉस्को पिनेल


रविवार, ता. २६ जुलै १९५३

ताईस वि. वि.

सा. न. ह्या खेपेला नाही.

मी कुठं आहे ते वर लिहिलेलं नाही, चुकून राहिलेलं नाही. नॉर्थ डाकोटा, एवढं पुरे. गव्हाची शेतं आहेत. कुठल्याही लीगच्या यादीत नसलेली एक लीग इथं आहे. जन्मतारीख कुणी विचारत नाही. नाव विचारतात, ते मी दुसरं दिलंय. ते तुला सांगणार नाही, कारण तू इथल्या मॅनेजरलाही पत्र लिहिशील. हे पत्र गव्हाच्या ट्रकवाल्याकडे दिलंय, तो दोनशे मैलांवर पेटीत टाकील. तेव्हा शिक्का वाचत बसू नकोस.

इथले पिचर म्हणजे वरच्या वर्गांतून हाकललेले. कुणी दारूपायी, कुणी वयापायी. त्यांचा जोर तसाच आहे, नेम तेवढा गेलाय. कालच्याला मी विचारलं, कुठं टाकतोस ते तुला तरी माहीत असतं का रे? तर म्हणाला, मला आधी कळलं असतं तर मी इथं असतो का?

मी रागावलोय. डोक्याचं तू लिहिलंस, ते मुदत देऊन लिहिलंस. ते मी गिळलं असतं. वयाचं लिहिणार म्हणून तू मला कधी सांगितलं होतंस? सात वर्षं जपलेलं एका ओळीत देऊन टाकलंस, आणि तेही माझं कौतुक करताना, असं टॅकेट फोनवर म्हणाला. पिनेलनं त्याला पत्र दाखवलं म्हणे.

आईला सांग, मला बढती मिळाली आणि प्रवास फार असतो.

इमिल


कोबर्न रन
गुरुवार, ता. ६ ऑगस्ट १९५३

चि. इमिल यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र ड्वेन टॅकेट यांच्याकडे पाठवते. तुझं नवं नाव त्यांनाही माहीत नाही, पण पत्र पोचेल, कसं ते विचारू नका, असं ते कळवतात. विचारलं नाही.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हणजे तुझा कागद हातात धरला आणि दुसरंच बोलले. टेनेसीतल्या उन्हाचं, तिथल्या माशांच्या जेवणाचं, एका नव्या मित्राचं, जो बसमध्ये घोरतो. इतकं सहज बोलत गेले की मलाच भीती वाटली. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मागच्या वेळीही एकच कागद, आजही एकच? मी म्हटलं, प्रवासात असतो. ती उठून कणीक मळायला गेली. तेव्हापासून तिनं तुझी सरासरी कुणाला सांगितलेली नाही.

पूर्वी वर्तमानपत्रात बारीक अक्षरात ग्रेगुश दिसला की त्या दिवसापुरतं मी समजायचे, आहे. आता मी तिकडची वर्तमानपत्रं मागवते, पण शोधू कुणाला? परवा दोन ओळींची बातमी होती. डोक्याला चेंडू लागून एक खेळाडू बेशुद्ध, दवाखान्यात. नाव परकं. दवाखान्याला फोन लागेपर्यंत चार तास मी त्या माणसाची बहीण होते. मग कळलं, तो चाळिशीचा, ठेंगणा, कॅनडाचा आहे. मला आनंद झाला, इमिल. परक्या माणसाचं डोकं फुटलं याचा मला आनंद झाला. हे मी वहीत लिहिलेलं नाही.

तुझ्या रागाबद्दल. तू बरोबर आहेस. वयाचं मी तुला विचारलं नव्हतं. ते अनवधानानं झालं असं पिनेल म्हणतात, मीही म्हणत होते. पण मला आठवतं, पहिल्या तीन मसुद्यांत मी माझा धाकटा भाऊ एवढंच लिहिलं होतं. एकोणतीस चौथ्यात आलं. दुसऱ्यांच्या चुका काढून जगणाऱ्या बाईच्या हातून ते नकळत कसं आलं? मी रोज विचारते. ठाऊक नाही. ठाऊक नाही हे मात्र खरं आहे.

पिनेलनी आणखी एक लिहिलं, की तुझा डावा डोळा गेला असावा. तू नाही म्हणशील म्हणून विचारत नाही.

मला नाव सांगू नकोस. सांगितलंस तरी मी कुणाला लिहिणार नाही, पण माझ्या शब्दावर आता तू का विश्वास ठेवावास? कधी थांबायचं ते मी ठरवणार नाही. पिनेलनी ठरवून पाहिलं, मी ठरवून पाहिलं, तू आणखी वाईट जागी जाऊन उभा राहिलास. तूच ठरव. पण ठरव. चेंडूवर सोडू नकोस.

लोभ तुझ्याकडे असो वा नसो, माझ्याकडचा दोघांना पुरेल.

तुझी ताई,
वेरोना


सोमवार, ता. ३१ ऑगस्ट १९५३

ती. ताईस सा. न. वि. वि.

कालचं सांगतो. दुपारचा सामना होता. कापणी आटोपलीय, त्यामुळे सगळा मुलूख शेतातून थेट मैदानावर आलेला. पिचर ब्रिग्ज नावाचा, चाळिशीचा, हात एवढा लांब की चेंडू टाकताना तो अर्ध्या वाटेवर येऊन हातात देतो असं वाटतं. सहाव्या डावात मी उभा राहिलो. त्यानं हात फिरवला. मी चेंडूची वाट बघत होतो.

तेवढ्यात लोक टाळ्या वाजवायला लागले. उभे राहून. मला कळेना, कशाला? मागून कॅचर म्हणाला, बाप रे, तू लाकडाचा आहेस की काय, पापणीसुद्धा हलवली नाहीस. मग वाकून त्यानं मातीतून काहीतरी उचललं आणि माझ्या हातात दिलं. माझ्या शर्टाचं गळ्याजवळचं बटण होतं. चेंडू हनुवटीखालून गेला होता. जाताना बटण घेऊन गेला होता.

ताई, मी धीट नव्हतो. मला तो दिसलाच नाही. आला कधी, गेला कधी, काही नाही. पिनेल म्हणतो ते खरं आहे. डावा डोळा वीस जूनच्या सुमारास बंद झाला, आधी कडेनं, मग सगळाच. एकच चेंडू दिसतो असं तुला लिहिलं ते खोटं नव्हतं. एका डोळ्याला एकच दिसतो. पण आता मान वळवूनही काही चेंडू दिसेनासे झालेत, हे मला त्या बटणानं सांगितलं.

पुढचं तुझ्यापासून लपवत नाही. मी पुन्हा उभा राहिलो. टाळ्या चालू होत्या म्हणून. बटण मुठीत होतं, मुठीत बॅट होती, आणि ब्रिग्ज परत हात मागे नेत होता. तेव्हा घाबरलो. तू जूनपासून माझ्या वाटणीचं जेवढं घाबरलीस तेवढं सगळं एकदम माझ्या पायांत उतरलं. मी हात वर केला. खेळ थांबवला. बॅट खाली ठेवली आणि चालत बाहेर आलो. टाळ्या थांबल्या. मग कुणीतरी ओरडला, भित्रा! मग सगळेच ओरडले. न दिसल्याबद्दल ज्यांनी मला शूर म्हटलं, त्यांनीच दिसल्याबद्दल भित्रा म्हटलं. बाकावर कुणी जागा दिली नाही. मॅनेजरनं नव्या नावानं हाक मारली, तर मला कळायला वेळ लागला की ती मलाच आहे.

तुझं पत्र तीन आठवडे माझ्याजवळ आहे. तू मला थांबवलं असतंस तर मी अजून तिथं उभा असतो. थांबवलं नाहीस म्हणूनही मी तीन आठवडे उभाच होतो. तेव्हा ह्याचं श्रेय घेऊ नकोस आणि दोषही घेऊ नकोस. वहीत दोन्हीकडे रेघ मार.

राग गेला असं नाही. वयाचं आपण समोरासमोर बसून भांडू. आईला खरं सांग, निदान तुझ्या तोंडून तरी. कासार्डांना सांग, जिन्यावरून पडलेला विद्यार्थी येतोय. ते बघतील आणि जे सांगायचं ते सांगतील. दुसऱ्या डोळ्याचं काय होणार हे विचारायची मला भीती वाटते, ते तू विचार. खाणीचं काय, शाळेचं काय, मला आज काही कळत नाही.

गुरुवारी दुपारी दोनच्या बसनं उतरतो. लोभ बसस्टँडवर घेऊन ये. पण उजव्या बाजूला उभी राहा. डावीकडे राहिलीस तर मी तुझ्यासमोरून निघून जाईन, आणि तुला वाटेल, अजून बोलायचं नाहीये ह्याला.

तुझा,
इमिल